घड्याळाच्या खुर्चीवर कोण बसणार?

"आता सेन्सर आलेत, मग एवढी माणसं कशाला लागतात?" असं परवा आमच्या क्लबच्या मीटिंगमध्ये एकाने विचारलं. मी तिथे थोडं बोलले, पण वेळ संपली. उरलेलं इथे लिहिते.

(पुण्याच्या मंडळींसाठी थोडक्यात. डॉग अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायला घोड्यांच्या जंपिंगवरून हा खेळ बसवला, आणि लोकांना तो इतका आवडला की मधल्या वेळेतून थेट मैदानातच आला. उड्या, बोगदा, सी-सॉ, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळणं. मालक बरोबर धावतो, पण कुत्र्याला हात लावायचा नाही. एका वेळी एकच कुत्रा, म्हणून सगळं घड्याळावर. मावशी, कुत्र्यांचं लग्न लावतात तो प्रकार वेगळा, हे पुन्हा एकदा सांगते. :) )

इंग्लंडमध्ये रिंग चालवणाऱ्या गटाला रिंग पार्टी म्हणतात. पार्टी नावापुरतीच, खायला काही नाही. उलट रिंगमध्ये सॉसेज रोल नेलात तर गहजब होईल. पडलेले पोल उचलणारे, सुरुवातीला सोडलेला पट्टा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवणारा, रांग लावणारा, आणि टेबलाशी बसलेला स्क्राइमर. स्क्राइब आणि टायमर ही दोन कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडली तेव्हा हे जोडनाव निघालं असणार. नावातच सगळं दुखणं आहे.

स्क्राइमरने कुत्र्याकडे बघायचंच नाही, हे बाहेरून कळत नाही. बघायचं जजच्या हाताकडे. उघडा पंजा वर गेला की पाच फॉल्ट, मूठ वर गेली की रिफ्युजल, दोन्ही हातांची फुली झाली की बाद. जज तोंडाने काही सांगत नाही आणि कागदाकडे वळून बघत नाही, कारण त्याची नजर कुत्र्यावरून हलली तर पुढचा फॉल्ट सुटतो. म्हणजे त्याने बघायचं कुत्र्याकडे, आपण त्याच्याकडे, आणि तेवढ्यात कुत्रा शेवटची उडी घेतो ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पकडायचं. एखादा कोली वाऱ्यासारखा सुटलेला असतो, कडेचे लोक ओरडत असतात, आणि आपण एका माणसाच्या मनगटाकडे टक लावून बसलेलो. पंगतीत वाढप्याने जिलबीकडे बघायचं नसतं, तसंच.

सेन्सर शंभरावा भागही मोजतो, ते खरं. निकाल तेवढ्यावरच ठरतात आणि पहिल्या नंबरावर वरची ग्रेड मिळते, म्हणून तो हवाच. पण सेन्सर म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अडथळ्यापाशी आडवा टाकलेला उजेडाचा किरण. मध्ये कोण आलं हे त्याला कळत नाही. पोल उचलायला गेलेल्याचा पाय मध्ये आला, तरी घड्याळ थांबतं. पावसात रुसतं, बॅटरी संपते. म्हणून हातात स्टॉपवॉच ठेवायचं असतं, आणि प्रत्येक धावेला ते दाबायचं असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका स्पर्धेतलं सांगते. अकरा वर्षांचा एक स्पॅनियल, तोंड पांढरं झालेला, सकाळपासूनच्या पावसात एकही चूक न करता धावला. सेन्सर शेवटी लागलाच नाही. टेबलावरच्या मुलाला कोणीतरी हाताला धरून पाच मिनिटांपूर्वी बसवलेलं. तोही बिचारा टाळ्या वाजवत होता, स्टॉपवॉच टेबलावरच. वेळ नाही म्हणजे निकाल नाही. वेळेसाठी पुन्हा धावायला सांगितलं. दुसऱ्यांदा तो दमला होता, काठ्यांमध्ये जवळजवळ चालतच गेला, आणि ठरलेल्या वेळेच्या बाहेर. त्याच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्या सीझननंतर त्याला त्यांनी उतरवलं नाही.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मदतनीस कमी पडले की माइकवरून विनवण्या सुरू होतात, रिंग वीस-वीस मिनिटं थांबते, आणि मग जो हाताला लागेल तो खुर्चीत. काही जण म्हणतात, "आम्ही एंट्री फी भरलीय, काम का करू?" फी मैदानाची आणि सामानाची असते हो! बहुतेक ठिकाणी ही माणसं फुकटच राबतात, कधी चहा-सँडविचवर.

दुसरी बाजू म्हणते, सक्ती करा, प्रत्येकाने तासभर काम केलंच पाहिजे. पोल उचलायला मला हे मान्य आहे. तिथेही अक्कल लागते (कुत्रा जवळ असताना जागचं हलायचं नाही, आणि त्याच उडीवर तो परत येणार असेल तर त्याआधी पोल जागेवर हवा), पण ती दहा मिनिटांत येते. ३० सेंटीमीटरची छोटी कुत्री धावतात तेव्हा ६० वाल्यांचे मालक मोकळे असतात, आणि उलटही. एंट्री फॉर्मवरच विचारलं तर माइकवर ओरडायची वेळ येणार नाही.

टेबलावर मात्र सक्तीने बसवलेला माणूस मला नको. स्वतःची धाव दहा मिनिटांवर असलेला तर नकोच, त्याचं अर्धं लक्ष दुसऱ्या रिंगमध्ये असतं. तिथे दोन खुर्च्या ठेवा, एक कागदासाठी, एक घड्याळासाठी. तासाने बदली. नवा माणूस आधी अर्धा तास जुन्याच्या शेजारी बसून नुसता बघू दे. दोन माणसं जास्त लागतील, मान्य. पण एका रिंगमध्ये दिवसाला ३००-४०० धावा होतात, आणि त्यातली प्रत्येक कोणाची तरी असते.

मीटिंगमध्ये दोन खुर्च्यांचं म्हणणं लिहून घेतलंय. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत एका रिंगपुरतं करून बघणार आहेत. सकाळी आठ ते नऊ घड्याळावर मी आहे.