मैदान सर्वांचे, दृश्य कोणाचे?

क्रीडांगणातील आसने हा सुखवस्तूंच्या गप्पांचा विषय आहे, दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्याने त्यात वेळ दवडू नये, असे एका तरुण साथीने मला नुकतेच सुनावले. मला हे मुळीच मान्य नाही. कोणाला दिसते, कोण उन्हात बसतो, हा वाटपाचा प्रश्न आहे. आणि वाटपाचा प्रश्न आपला नसेल तर मग आपला कोणता?

मुंबईचे वानखेडे स्टेडियम उभे राहिले तेच मुळी आसनांच्या भांडणातून. ब्रेबॉर्नचे मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे तिकिटांच्या वाटणीवरून बिनसले आणि हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले गेले. जानेवारी 1975 मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. या भांडणात सामान्य प्रेक्षक वादीही नव्हता, प्रतिवादीही नव्हता. पुढे 2011 च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झाले, खुर्च्या सुधारल्या, क्षमता सुमारे 33 हजारांवर आली. अंतिम सामन्याची केवळ 4 हजार तिकिटे जनतेला विक्रीस ठेवली गेली. आराम वाढला, तो कोणाच्या पदरात पडला हे उघड आहे.

आमच्या जिल्ह्यातील गहुंजेचे स्टेडियम 2012 मध्ये खुले झाले. आराखडा इंग्लंडच्या नामांकित हॉपकिन्स संस्थेचा. तरी प्रेक्षकांच्या मोठ्या भागावर छत नाही. 24 ऑक्टोबर 2024 रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत भर उन्हात पिण्याचे पाणी मिळेना, घोषणा झाल्या, संयोजकांना माफी मागावी लागली. दौंडहून पहाटेची गाडी पकडून गेलेल्या माणसाने तिकिटाचे पैसे मात्र पुरेपूर मोजलेले असतात.

दृष्टिरेषेचे शास्त्र अवघड नाही. मागच्याच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत रेषा काढावी. ती पुढच्याच्या डोळ्यांवरून किती उंचीने जाते ते मोजावे. 120 मिलीमीटर असल्यास उत्तम, 90 चालेल, 60 म्हणजे दोन डोक्यांमधून डोकावणे. पुढे टोप्या असतील तर 150 धरतात. (आमच्या यात्रेतील फेट्यांचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.) एकाच उताराच्या पायऱ्या बांधल्या की मागच्या रांगांचे दिसणे कमी कमी होत जाते, म्हणून मागे चढ वाढवावा लागतो.

यासाठी परदेशी आराखडाच हवा असेही नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, ते 1912 मध्ये पूर्ण झाले. वाडग्यासारखा आकार, मधोमध कुस्तीचा हौद, भोवती चढता उतार. मातीवर बसलेल्या हमालालाही डाव दिसतो.

आणि शिरूरकडच्या बैलगाडा घाटांवर काय दिसते? सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्याचा आनंद झाला. पण निशाणापाशी, मोक्याच्या जागी, पुढाऱ्यांचा मंडप. शेतकरी बांधावर, झाडावर, ट्रकच्या टपावर. दौंडकडच्या कुस्त्यांच्या फडातही सोफ्यांची पहिली रांग मागच्या शेकडोंची दृष्टी अडवते. ज्यांच्या वर्गणीतून इनाम उभे राहते, त्यांनाच टाचा उंचावाव्या लागतात!

म्हणून साथींना माझे सांगणे इतकेच: तालुक्यात प्रेक्षागृह किंवा क्रीडा संकुल होणार असेल, तर भूमिपूजनाच्या आधी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंतचा उभा छेद मागा. सावली कोणत्या बाजूला आणि पाण्याचे नळ किती, तेही लेखी घ्या. व्यासपीठ कोठे, हे त्यानंतर ठरू द्या.