सायकल आणि तिची धाव

मागील महिन्यात एका रविवारी सकाळी माझी भाची बरकतपुऱ्याहून आली ती हातात एक रंगीत पत्रक घेऊनच. ती खैरताबादेस एका बँकेत नोकरीला आहे. घरापासून कचेरी पाच-सहा किलोमीटरांवर. इतके दिवस रिक्षा, बस आणि मेट्रो यांचा मेळ घालीत ती जात असे. आता सायकलनेच जावे असे तिच्या मनाने घेतले होते. "मामा, ही घेऊ का?" असे विचारून तिने ते पत्रक माझ्यापुढे ठेवले. चित्रातील सायकल मोठी देखणी होती. मनगटाएवढे जाड टायर, त्यांवर मगरीच्या पाठीसारखे खवले, पुढचा चिमटा स्प्रिंगांचा, गिअर एकवीस, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक. मडगार्ड मात्र नव्हते आणि कॅरिअरही नव्हते.

"डब्याची पिशवी कोठे ठेवशील?" मी विचारले.

"पाठीवर."

"आणि पावसाळ्यात चिखल?"

"तोही पाठीवरच, मामा," असे म्हणून ती हसली. पण पत्रकाची घडी घालून तिने ते पिशवीत ठेवले, तेव्हा बोलण्यास वाव आहे हे मी ओळखले.

व्याकरण शिकविण्यात जन्म गेलेल्या माणसाने सायकलीविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणा वाचकाच्या मनात येईल. परंतु शिक्षक आणि सायकल यांचे नाते आपल्या समाजात फार जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते, त्या काळात त्यांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावास सायकलींचे दुकान काढले. ते साल १८८८. पुढे त्याच घराण्याने नांगर केले, पंप केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. पण उद्योगाचा ओनामा सायकलीने झाला. योगायोग असा की, त्याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडत असे, तेवढ्यासाठी त्याने ही खटपट केली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या गृहस्थाने हीच कल्पना १८४५ साली नोंदविली होती, पण तेव्हा सायकलच नसल्याने ती वाया गेली.

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची पट्टी तापवून चढवितात, तिला धाव म्हणतात. ही धाव लाकडाचे रक्षण करते. गाडीत बसलेल्याच्या हाडांचा विचार ती करीत नाही. रबरी टायर दोन्ही करतो. म्हणूनच सायकल पाहताना लोक रंग पाहतात, घंटी वाजवितात. मी मात्र प्रथम खाली वाकून टायर पाहतो. या सवयीला एक कारण आहे आणि ते मला फारसे भूषणावह नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्याजवळ काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल होती. मागच्या टायरची नक्षी केव्हाच पुसली गेली होती आणि दोन ठिकाणी आतले सूत डोकावू लागले होते. दुकानदाराने दोनदा सांगितले, "सर, टायर बदलो." मी प्रत्येक वेळी पुढच्या पहिल्या तारखेचा वायदा केला. ब्रेकची रबरेही वाळून कडक झाली होती. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी सहा वर्षांच्या मुलीला मागे कॅरिअरवर बसवून मी घरी येत होतो. उतारावर एक बकरी आडवी आली. मी ब्रेक दाबले. ओल्या, गुळगुळीत लोखंडी रिमवर रबरे नुसती घसरत राहिली, आणि मग धरली ती एकदम. मागचे चाक बाजूला गेले. माझ्या मनगटाचे हाड मोडले, ते सहा आठवड्यांत भरून आले. मुलीच्या हनुवटीला टाके पडले. ती आता एकतीस वर्षांची आहे. तिच्या लग्नाच्या छायाचित्रांतही ती बारीक रेघ मला इतरांच्या आधी दिसते. तिने त्याविषयी मला कधी एक शब्द बोलून दाखविला नाही, आणि एका टायरच्या किमतीचा हिशेब मी त्या दिवसापासून कधी केला नाही.

तेव्हा भाचीला मी प्रथम टायरवरचे आकडे वाचावयास शिकविले. टायरच्या कुशीवर दोन प्रकारची मापे कोरलेली असतात. एक जुने, इंचांचे, आणि ते अतिशय फसवे. २६ इंची म्हणून जे टायर विकतात, त्यांत २६ × १-३/८ हा एक प्रकार. बायकांच्या आणि साध्या सायकलींना तो असतो. दुसरा २६ × १.९५, डोंगरी पद्धतीच्या जाड टायरांचा. दोन्हींचे नाव सव्वीस. पण पहिला ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला बसणे त्रिवार अशक्य. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १-१/२ हा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. नव्या सायकलींवर ७००-सी असे जे लिहितात आणि ज्याला कित्येक दुकानदार अठ्ठावीसच म्हणतात, तो ६२२ चा. गंमत अशी की, २९ या नावाने मिळणाऱ्या जाड टायरची रिमही तीच ६२२ ची. एका वर्गात एकाच नावाची चार मुले असावीत, तसा हा प्रकार. अशा वेळी शिक्षक जे करतो तेच येथे करावे. नाव सोडून हजेरीचा क्रमांक पाहावा. तो क्रमांक म्हणजे ३७-५९० किंवा ४०-६३५ अशी जोडी. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडा फरक चालतो, मात्र चिमट्यात आणि मडगार्डाखाली जागा हवी.

आता रुंदी किती असावी? बारीक टायर हलका पळतो अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. हवेचा दाब सारखा ठेवला तर रुंद आणि अरुंद टायर जमिनीला सारख्याच क्षेत्रफळाने टेकतात. अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो, रुंदाचा आखूड आणि आडवा. ठसा जितका लांब तितका टायर अधिक दबतो, आणि त्या दबण्या-उठण्यात आपल्या पायांची शक्ती खर्च होते. अर्थात रुंद टायरात आपण हवा कमी भरतो, म्हणून हिशेब बराचसा बरोबरीत सुटतो; पण बरोबरीत सुटूनही कमरेला आराम मिळाला तो नफाच. वेग मारणाऱ्या शर्यतबाजांचे २५ मिलिमीटरचे टायर आपल्या नारायणगुडा-हिमायतनगरच्या खोदलेल्या, बुजविलेल्या आणि पुन्हा खोदलेल्या रस्त्यांवर कोणाचे भले करणार नाहीत. ३२ ते ४२ या दरम्यानचा टायर नोकरीला जाणाऱ्या माणसाने घ्यावा, असे माझे मत आहे.

खवल्यांचे काय? ते चिखलात रुततात, सुट्या मातीत पकड देतात. डांबरी रस्त्यावर ते नुसते गुरगुरतात आणि पाय दमवितात. ओल्या रस्त्यावर नक्षी नसेल तर सायकल पाण्यावर तरंगेल असे पुष्कळांना वाटते. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, वेगही बेताचा, म्हणून तो पाणी कापीत जातो. पकड देते ते रबर. नक्षीचा वाटा थोडा. माझ्या त्या टायरचा दोष नक्षी गेली हा नव्हता, रबरच संपून सुतावर आले होते हा होता. मॅनहोलच्या झाकणावर आणि रंगविलेल्या पट्ट्यांवर मात्र कोणताही टायर पावसात घसरतो. तेथे वळू नये, ब्रेकही दाबू नये.

हवेविषयी काचीगुड्यातील ज्या मिस्त्रीकडे मी जातो, त्याचे शास्त्र एका वाक्याचे आहे: "हवा कम रही तो टायर मरता, जास्ती रही तो कमर मरती." टायरवर जास्तीत जास्त दाब पौंडांत लिहिलेला असतो, त्याच्या वर जाऊ नये. मध्यम वजनाच्या माणसाने ३७-४० मिलिमीटरच्या टायरात मागे पंचेचाळीसच्या आसपास आणि पुढे चार-पाच पौंड कमी ठेवावेत, कारण वजन मागे अधिक पडते. रबरातून हवा झिरपतेच, म्हणून आठवड्यातून एकदा पंप मारावा. पेट्रोलपंपावरच्या मोठ्या यंत्राने भरण्याच्या भरीस पडू नये. सायकलच्या ट्यूबेचे पोट लहान, क्षणात गर्रकन भरते आणि फुटते. मे महिन्यात "उन्हाने टायर फुटला" अशी तक्रार प्रत्येक जण करतो. पंचविसावरून पन्नास अंशांपर्यंत तापले तरी पंचेचाळीस पौंडांत चार-पाच पौंडांचीच भर पडते. तेवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. जुने ठिगळ सुटते किंवा चिरा पडलेली कूस हार खाते. सावली शोधावी हे खरेच, पण ऊन बिचारे निमित्तमात्र.

पंक्चरांचे आपल्या भागातील मूळ म्हणजे सराटे आणि बाभळीचे काटे. ट्यूबेचे पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट किंवा कापसाचा बोळा फिरवावा. काटा तेथेच दडून बसलेला असला, तर कापूस अडकतो. हे न करता नवी ट्यूब घातली आणि चौकापर्यंत जाऊन परत आलो, असे सांगणारे निदान चार स्नेही माझे आहेत. टायर बदलण्याची वेळ आली तर बहुतेक जण नवा टायर मागे घालतात, कारण मागचाच लवकर झिजतो. वस्तुतः पुढचा चांगला टायर मागे न्यावा आणि नवा पुढे घालावा. मागचे चाक घसरले तर माणूस कित्येकदा सावरतो. पुढचे घसरल्यावर सावरण्यास अवधी मिळत नाही.

उरलेल्या सायकलीविषयी थोडक्यात. एकवीस गिअरांपैकी कित्येक जवळजवळ सारखेच असतात. बशीरबागेकडून लकडीकापुलाकडे नौबत पहाडाच्या कडेने जाणाऱ्या बाईला सात पुष्कळ झाले. बिनगिअरची घ्यावयाची तर पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांऐवजी मागे २० दात्यांचे फ्रीव्हील घालून घ्यावे. एका फेऱ्यात साडेपाच मीटरांऐवजी पाच मीटर जाल, पण चढावर उतरावे लागणार नाही. बंजारा हिल्स चढणाऱ्यांनी मात्र गिअरच घ्यावेत. स्वस्त सायकलीतील स्प्रिंगांचा चिमटा हे निव्वळ वजन. रिम अॅल्युमिनियमची घ्यावी, कारण ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक कसे वागतात हे मी वर लिहिलेच आहे. सीटवर बसून खालच्या पेडलावर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि साडी किंवा ओढणी असेल तर मागच्या चाकाला जाळी, या गोष्टी शोभेच्या नव्हेत.

जुन्या काळ्या सायकलीविषयी माझ्या मनात पक्षपात आहे, हे कबूल करतो. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलास कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला, त्या दिवशी मला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. तरीही भाचीला मी ती सुचविली नाही. ती जड असते, आणि तिचे ब्रेक मला आठवतात.

आमच्या शहरात बाह्य वळणरस्त्याच्या कडेला १ ऑक्टोबर २०२३ रोजी २३ किलोमीटरांचा छतबंद सायकलमार्ग खुला झाला. छतावर सौरपट्ट्या आहेत, त्यांची क्षमता १६ मेगावॉट. मी तो पाहून आलो. काम उत्तम आहे. मात्र कोठी-काचीगुड्याच्या माणसाने तेथे जावयाचे तर सायकल मोटारीला बांधून न्यावी लागते. बरकतपुऱ्याहून खैरताबादेस जाणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिच्या वाटेवर बसगाड्या आहेत, उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली आहेत आणि पावसाळ्यात खड्डे झाकणारे पाणी आहे. माझ्या बहिणीला म्हणूनच ही सारी कल्पना मान्य नव्हती. "दादा, तूच तिला समजाव," असा तिचा निरोप आधीच आला होता. मी समजाविले ते असे! बहीण अद्याप माझ्याशी तुटकच बोलते, आणि तिचे भय खोटे आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दोन रविवारांनंतर भाची सायकलवरूनच आली. ३७-५९० चे टायर, सात गिअर, मडगार्ड, मागे कॅरिअर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यात वाचलेल्या पैशांतून तिने मागे तांबडा आणि पुढे पांढरा असे दोन चांगले दिवे घेतले होते. माझी मुलगी त्या दिवशी घरी होती. तिने सायकलीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, यात हवा कमी आहे." मी पंप आणावयास आत गेलो.