धांवणाऱ्याचा अनध्याय

बालपणीं ज्या पाठशाळेंत आम्हीं अमरकोश घोकला, तेथें प्रतिपदा व अष्टमी ह्या तिथींस अनध्याय असे. त्या दिवशीं पोथी उघडावयाची नाहीं. आम्हां मुलांस ती नुसती सुटी वाटे. गुरुजी म्हणत, पाठ केलेलें मुरावयास दिवस लागतो. हेंच मीं पुढें शाळेंत वर्षानुवर्षें मुलांना ऐकविलें, आणि नेमकी घरांत गरज पडली तेव्हां विसरलों. त्या विस्मृतीची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमच्या जवळा बाजारांत पहांटे फिरावयास निघालें, कीं औंढ्याच्या रस्त्यावर तरुण मुलें व मुली धांवतांना दिसतात. कोणास पोलिसांत जावयाचें असतें, कोणास सैन्यांत. पोलीस-भरतीच्या शारीरिक परीक्षेंत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें, आणि क्षणाक्षणावर गुण ठरतात. पावसाच्या भरंवशावर चालणाऱ्या घरांत एका नोकरीनें सगळी घडी बदलते. तेव्हां हें धांवणें केवळ हौसेचें नव्हे.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू आमच्याच घरीं राहतो. गेल्या वर्षीं तोहि ह्या तयारीस लागला. तीन आठवड्यांत त्यानें अंतर दुप्पट केलें. एके दिवशीं जेवतांना म्हणाला, "आजोबा, डाव्या नडगींत एकाच जागीं ठणका लागतो." मी म्हणालों, "अरे, कष्टावांचून फळ कोठें मिळतें? चार दिवस दुखेल, मग अंगवळणीं पडेल." हळदीच्या मुलखांत राहतों, वहिनींनीं गरम लेप घातला. मुलगा आज्ञाधारक, पुन्हा बोलला नाहीं. पंधरा दिवसांनीं त्यास जिना चढवेना, तेव्हां परभणीस नेलें. क्ष-किरणांच्या पहिल्या चित्रांत कांहीं आढळलें नाहीं, एम. आर. आय. केल्यावर नडगीच्या हाडास बारीक चीर पडल्याचें दिसलें. भरती हुकली. त्या चुकीचा अर्धा वांटा माझा आहे.

डॉक्टरांनीं मला जें समजाविलें तें प्रत्येक वडीलधाऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे. धांवतांना प्रत्येक पावलास शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार पायावर येतो. त्या भारानें हाडास अतिसूक्ष्म इजा होते, आणि शरीर ती जागा पोखरून नव्यानें बांधतें. जुनें काढण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकतें. नवें घट्ट व्हावयास महिने लागतात. त्यामुळें सरावाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यांत हाड उलट थोडें दुबळेंच असतें. इकडे दम मात्र लवकर वाढतो, आणि मुलास वाटतें, आतां आणखी धांवूं. छाती तयार, हाड कच्चें! बहुतेक दुखापती ह्याच अंतरांत उद्भवतात.

आपल्या पूर्वजांस हें अगदींच अपरिचित नव्हतें. सुश्रुतानें व वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें आहे. हृदयांतील वायु मुखाशीं येऊं लागला, कीं अर्धी शक्ति खर्ची पडली, अशी सुश्रुताची खूण. आजचे प्रशिक्षकहि निराळ्या शब्दांत तेंच सांगतात: आठवड्यांतील बहुतेक धांव अशा गतीनें व्हावी, कीं सोबत्याशीं सलग बोलतां यावें. वेगाची धांव आठवड्यांतून एक-दोन वेळां पुरे. अंतर थोडें थोडें वाढवावें, अंतर व वेग एकाच आठवड्यांत वाढवूं नयेत, आणि एक दिवस तरी धांवण्याचा अनध्याय पाळावा. आरंभीं पांच-दहा मिनिटें चालून, संथ धांवून अंग तापवावें. आठवड्यांतून दोन-तीनदां बैठका काढाव्या, आणि पायरीच्या कडेवर उभें राहून टाचा वर-खालीं कराव्या. पोटऱ्या बळकट असल्या म्हणजे भार वांटला जातो.

वेदनेचेहि प्रकार ओळखावे. दोन्हीं मांड्या सारख्याच भरून येणें ही श्रमाची वेदना; ती दोन-तीन दिवसांत ओसरते. परंतु एका बोटानें दाखवितां येईल अशी जागा दुखत असेल, त्या एका पायावर उडी मारतांना कळ येत असेल, किंवा रात्रीं निजल्यावरहि ठणकत असेल, तर धांवणें त्या क्षणीं बंद करून डॉक्टरांकडे जावें. लेपानें वरची सूज उतरेल. हाडाची चीर त्यानें सांधत नाहीं.

ह्यांत गृहिणींचाहि मोठा भाग आहे. धांवणाऱ्या मुलाची भूक ही खादाडपणा नव्हे. भाकरी, वरण, दूध-दही, तीळ, शेंगदाणे ह्यांनीं ताट भरलेलें असावें. उपासाच्या दिवशीं लांब धांव नको. मुलींच्या बाबतींत एक गोष्ट संकोच सोडून सांगतों. सराव वाढल्यावर मासिक धर्म अनियमित झाला किंवा थांबला, तर तें अन्न अपुरें पडत असल्याचें व हाडें धोक्यांत असल्याचें चिन्ह असूं शकतें. आई-आजींनीं तें विचारावें आणि डॉक्टरांस दाखवावें. झोंप आठ तासांची हवी, आणि चैत्र-वैशाखांत ऊन चढण्यापूर्वीं धांव आटपलेली असावी. धांवतां धांवतां कोणी असंबद्ध बोलूं लागला, तर त्यास तात्काळ सांवलींत घेऊन अंगावर थंड पाणी ओतावें, वारा घालावा, आणि दवाखाना गांठावा.

विश्रांति म्हणजे पराभव असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्याच मराठवाड्यांतील अविनाश साबळे ह्यांच्याकडे पाहावें. आष्टी तालुक्यांतील मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यांत गेला आणि ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत जगापुढें आला. तींत २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ सालीं बर्मिंगहॅमला रौप्य, २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्ण, २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत अकरावें स्थान. जुलै २०२५ मध्यें मोनॅको येथें पाण्याच्या उडीशीं त्यांचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. त्यांचा अपघात होता, आमच्या मुलाची घाई होती. पण शरीराचा कायदा दोघांस एकच. जागतिक स्पर्धा समोर असतां जर असा वीर थांबतो, तर आमच्या पोरांनीं थांबण्यांत कमीपणा तो कसला?

आमचा नातू दोन महिने धांवला नाहीं. प्रथम चालणें, मग डॉक्टरांच्या परवानगीनें सायकल. चालतांना मुळींच दुखेनासें झाल्यावर एक मिनिट धांव, दोन मिनिटें चाल, तेंहि एक दिवसाआड. दुखलें कीं एक पायरी मागें. ह्या काळांत पायापेक्षां मन अधिक खचतें. सोबती पुढें जातांना दिसतात, आणि घरांतलें कोणी "मग, आज बसूनच का?" म्हणालें, तर तो बाण खोल लागतो. तसें आमच्या घरांत कोणी बोलावयाचें नाहीं, असें वहिनींनीं सर्वांस बजावलें. त्यांचा रोख मुख्यतः माझ्याकडेच होता!

आतां तो पुन्हा भरतीची तयारी करीत आहे. निवड होईल कीं नाहीं, तें दैवाधीन. पण भिंतीवरील दिनदर्शिकेंत प्रत्येक सोमवारीं मीं स्वतःच्या हातानें 'अनध्याय' असें लिहून ठेविलें आहे. परवां सोमवारीं तो सवयीनें बूट घालूं लागला. मीं बोटानें भिंतीकडे खूण केली. हंसून त्यानें बूट काढले आणि चहास येऊन बसला.