माझा पहिला नंबर ‘तांबडी चामडी’ला
आमच्या सावर्ड्यात गाण्याची खरी परीक्षा विसर्जनाच्या मिरवणुकीत होते. २०२४मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ तिथे सहज पास झाली. तरी माझा पहिला नंबर क्रेटेक्स आणि श्रेयसच्या ‘तांबडी चामडी’ला. हाउस संगीताचा ठोका, बोल मराठी. बाजारात आणलं नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने. जाखडी नाचावर वाढलेल्या माझ्या पायांना तो ठोका परका वाटला नाही.

अल्बमच्या यादीत मात्र माझ्याकडे त्या वर्षीचं एकही मराठी नाव नाही. २०१६च्या ‘सैराट’मध्ये अजय-अतुलची गाणी चारच, पण आम्ही चारही सलग ऐकायचो. आता एकेक गाणं येतं आणि रीलपुरतं वाजतं. गायकांनो, वर्षाला एक तरी अख्खा अल्बम द्या. ऐकायला आम्ही आहोत.