कोयत्याची मूठ

मागच्या बकरी ईदला बाजारातून नवी सुरी आणली. कांदा चिरतानाच पातं मुठीतून निसटलं. बोटावर निभावलं, एवढंच. सुरी घेऊन मी आमच्या मोहल्ल्यातल्या शिकलगार चाचांकडे गेलो. त्यांनी मूठ फोडून दाखवली. आत पात्याची शेपटी जेमतेम एक बोट, बाकी पोकळीत नुसता डिंक. "दिखता नै ना, इसलिए चलता," चाचा म्हणाले.

मग हातातल्या कोयत्यावर त्यांनी खरी रीत दाखवली. मूठ पूर्ण सुकलेल्या बाभळीची हवी. ओलं लाकूड नंतर सुकतं आणि मूठ ढिली होते. शेपटी निम्म्या मुठीपेक्षा जास्त आत जायला हवी. भोक शेपटीपेक्षा बारीक पाडायचं. पात्याला ओलं फडकं गुंडाळून फक्त शेपटी तापवायची, नाहीतर पात्याचं पाणी उतरतं. तापलेली शेपटी भोकात दाबली की लाकूड जळून तिच्याच मापाचं घर तयार होतं. ती बाहेर काढून थंड करायची आणि मग ठोकून बसवायची. शेपटी चौकोनी असली की पातं फिरत नाही. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडी घातली की लाकूड फाटत नाही.

माझ्या सुरीचं ठीक आहे, मी दुसरी घेईन. पण आपला जिल्हा ऊसतोडीचा. शिरूर कासार, धारूर, वडवणीतून दसरा-दिवाळीनंतर जोडपी निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसाला अवजाराचं नाव दिलं, पण ते अवजार मात्र बहुतेकदा मजुरानंच विकत घ्यायचं. स्वस्त कोयत्याची मूठ फडात हलू लागली की तो रात्री पाण्यात भिजवतात. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं; सुकलं की आधीपेक्षा ढिलं. मग कधी पायावर घाव, कधी कामाचा खाडा. खाड्याचे पैसे पुन्हा मजुराच्याच उचलीत चढतात.

याला नशीब म्हणणं मला पटत नाही. कुरआनात हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचं सांगितलंय आणि तिथेच चिलखताच्या कड्या मापात जोडण्याची ताकीदही आहे. जिथे दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, तिथे न दिसणारं कामही चोख करावं, असा मी त्याचा अर्थ घेतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कोयत्याचा खर्च कारखान्यानं उचलावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यानं हंगामाआधी आपल्याच भागातल्या लोहार, घिसाडी, शिकलगारांकडून कोयते करून घ्यावेत. मजुराचा पाय वाचेल आणि चाचांच्या भात्यालाही काम मिळेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. कोयता घेताना नुसती धार पाहू नका. शेपटी आत किती गेली आहे, तेही विचारा.