वारा आणि डोंगर

सिन्नर व अकोले या तालुक्यांच्या सीमेवरील पट्टा किल्ल्यावर १६७९ साली शिवछत्रपतींनी विश्रांती घेतली. म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. आज गडावरून पाहिले असता भोवतालच्या पठारांवर उंच पवनचक्क्या फिरताना दिसतात.

'यांनी डोंगराची शोभा घालविली,' असे काही जण म्हणतात. परंतु नाशिकजवळ एकलहरे येथे विजेसाठी कोळसा जाळावा लागतो. त्याचा धूर आणि राख यांचे काय? वाऱ्याला धूर नाही, राख नाही. तेव्हा पवनचक्क्या हव्यातच.

मात्र वारा फुकट मिळाला, तरी डोंगर फुकटचा नव्हे. चक्कीची अवजड पाती वर नेण्यासाठी डोंगर फोडून रस्ता करावा लागतो. त्यात गवत, रानफुले व ओहोळांच्या वाटा मोडतात. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे जगात प्रथमच समुद्रात ११ पवनचक्क्या उभारल्या. त्यांचे काम संपताच २०१७ साली त्या काढून घेऊन समुद्र मोकळा केला.

आपल्याकडेही असेच व्हावे. शेजाऱ्याचे भांडे घासूनपुसून परत करावे, ही घरची रीत आहे. डोंगराच्या बाबतीतही तीच रीत पाळली पाहिजे.