कोल्हापूर–नागपूर विमानसेवा नियमित करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
नागरी विमान वाहतूक

विषय : वारंवार रद्द होणारी विमानफेरी व प्रलंबित मागण्या (स्मरणपत्र)

महोदय,

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. लहान जेट विमानाला चढ-उतार धरून हे अंतर कापायला सव्वा ते दीड तास लागतो. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या एटीआर विमानाला पावणेदोन तासांच्या आगेमागे. सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळमार्गे रस्ता ८०० किलोमीटरच्या घरात जातो. पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर–कोल्हापूर प्रवासाला चोवीस तासांच्या आसपास घेते.

हे आकडे कार्यालयास नवे नाहीत. मागील प्रत्येक निवेदनात ते होतेच.

मुख्य तक्रार ऐनवेळी फेरी रद्द होण्याची आहे. रद्द झाल्याचा संदेश पुष्कळदा प्रवासी बॅग घेऊन उजळाईवाडीत पोहोचल्यावर येतो. कारण 'तांत्रिक' किंवा 'परिचालनविषयक' एवढेच. त्यापलीकडे खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही काही सांगता येत नाही. मग धावपळ सुरू होते ती मध्यवर्ती बसस्थानकाकडे. तिथून पुणे सुमारे २३० किलोमीटर, त्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाची खोदाई. स्वारगेटहून लोहगाव विमानतळ गाठायचे, आणि मिळेल त्या दराने नागपूरचे तिकीट काढायचे. सव्वा तासाच्या प्रवासाला असे दहा-बारा तास लागतात. मूळ तिकिटाचे पैसे परत येतात, हे मान्य. पण पुण्याहून घेतलेल्या महाग तिकिटातील फरक, बसभाडे आणि हुकलेले काम यांचा भुर्दंड प्रवाशाच्याच माथी बसतो. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते. तेव्हा फायली घेऊन जाणारा कर्मचारी आणि गाऱ्हाणे मांडायला निघालेला शेतकरी या दोघांनाही उद्याचे विमान कामाचे नसते. गोकुळ शिरगाव व कागलच्या औद्योगिक वसाहतींत कामासाठी येणारे तंत्रज्ञ आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणारी वैदर्भीय कुटुंबे परतीच्या वेळी याच फेऱ्यात सापडतात.

याबाबत आधी 'हिवाळी वेळापत्रकात सुधारणा होईल' असे कळवण्यात आले. ऑक्टोबरअखेर ते वेळापत्रक लागू झाले, तेव्हा उत्तर बदलून 'उन्हाळी वेळापत्रकात' असे झाले. मार्चअखेर तेही लागू झाले. ऋतू बदलले, उत्तरातील मजकूर मात्र तोच राहिला. बैठक लावण्याचे आश्वासनही असेच हवेत आहे.

कोल्हापूरच्या धावपट्टीची लांबी वाढली, रात्री उतरण्याची सोय झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले. सोयी नाहीत हे जुने कारण आता पुढे करता येणार नाही.

सबब, वेळापत्रकातील फेऱ्या प्रत्यक्षात चालवाव्यात; रद्द करणे अटळ असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत खऱ्या कारणासह कळवावे, आणि त्यानंतर रद्द झाल्यास पुण्याहून पर्यायी विमान व तिथवरचे वाहन कंपनीनेच पुरवावे. रद्द फेऱ्यांचा महिनावार तपशील विमानतळावर लावावा. विमानाच्या वेळेला जोडून शहर बस सोडावी. टर्मिनलमध्ये चहा-नाश्ता रास्त दरात मिळावा.

पुढील वेळापत्रक निश्चित होण्यापूर्वी, संबंधित अधिकाऱ्याच्या नावानिशी व मुदतीसह लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
कोल्हापूर–नागपूर मार्गावरील प्रवासी